शेंदराखालचा दिवा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पोशाला ते ठाऊक नव्हतं. तो मला बाई म्हणतो, आणि बाई म्हणजे शहाणी, अशी त्याची समजूत होती.

मी राहते कर्जतला आणि शिकवते बेहड्याच्या वाडीवर. वाडी कशेळ्याच्या वर, ठाकर आदिवासींची चाळीस-बेचाळीस घरं आणि चौथीपर्यंतची शाळा. पोशा त्या वाडीतला. सातवीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला, तिथल्या ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि पुढे आठ वर्षं कशेळे-कर्जत दुसऱ्याची जीप चालवली. त्या जीपचा एक काटा चालत असेल तर शपथ. डिझेल किती आहे ते तो टाकीत काठी बुडवून बघायचा आणि बाकी सगळं आवाजावर. "गाडी कानानं चालवायची, बाई," तो मला सांगायचा. मी रोज पुढच्या सीटवर, त्यामुळे हे व्याख्यान मला तोंडपाठ झालं होतं.

मागच्या दिवाळीत त्यानं स्वतःची नवी गाडी घेतली. आठ माणसांची, पिवळ्या पाटीची. वाडीतली पहिली गाडी. सगळी वाडी भोवती गोळा झाली. पोशाची आई सोमी आमच्या शाळेत खिचडी शिजवते. ती त्या दिवशी पहाटे वर रानात जाऊन वाघोबाच्या दगडावरचा शेंदूर घेऊन आली. गाडीच्या टपाला लावला, चाकांना लावला, मग दारातून आत वाकून पोशाला म्हणाली, "गाडी चालवताना तुजी नजर कुटं जाती रं?" या गाडीचे काटे चालत होते, त्या कौतुकात पोशानं काट्यांच्या काचेकडे बोट दाखवलं. तिनं तिथे अंगठा दाबला. देवाचा शेंदूर कोणी पुसत नाही, तो आपसूक जाईल तेव्हा जातो. हा तेलात कालवलेला, चांगला जाड बसला. मी तिथेच होते, पेढा खात.

होळीच्या आधीची गोष्ट. शाळा सुटल्यावर आम्ही खाली निघालो, गाडी भरलेली. कडाव मागे पडलं आणि पोशानं गाणी बंद केली. "बाई, काय तरी वाजतंय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. नवीन गाडी, काचा बंद, मागे बायकांची बडबड. तो मान तिरकी करून ऐकत होता आणि गाडी बाजूला घ्यायला जागा बघत होता, तेवढ्यात खालून असा दणका बसला की माझे पाय वर उचलले गेले. गाडी फरफटत थांबली. बोनेटमधून धूर, आणि मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा. कोणाला खरचटलंही नाही. पोशा गाडीखाली वाकून बघून आला आणि रस्त्याच्या कडेला बसला. इंजिनच्या आतला रॉड तुटून बाहेर आला होता. लोखंडाला मूठ जाईल एवढं भगदाड.

क्रेननं गाडी खालापूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकून मीही गेले. गाडी जेमतेम चार महिन्यांची, वॉरंटीत आहे, नवीन इंजिन फुकट मिळणार, अशी मी त्याची वाटभर समजूत काढत होते.

वर्कशॉपमध्ये माधवी नावाची मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची, निळ्या गणवेशातली, फार न बोलणारी. तिनं कॉम्प्युटरची वायर गाडीला जोडली आणि बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, "ऑइलचा दिवा लागला होता. इंजिन फुटायच्या आधी अकरा मिनिटं. तुम्ही थांबला का नाहीत?"

"दिवा नाय लागला, ताई," पोशा म्हणाला. "देवाशपथ नाय."

माधवीनं किल्ली फिरवली. काचेवर सगळे दिवे उजळले. ती एकेकावर बोट ठेवत गेली आणि शेंदरापाशी थांबली. नखानं एक कोपरा खरवडला. खाली लाल उजेड होता.

पोशाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. जीपमध्ये आठ वर्षं ज्या काचेकडे बघायची गरज पडली नाही, तिच्यावर काय झाकलंय हे त्याच्या मनात तरी कसं यावं? आणि मी, रोज त्या ठिपक्यासमोर बसणारी, चार बुकं शिकलेली, माझ्या तरी कुठे आलं?

"हे कोणी लावलं?" माधवीनं विचारलं. "मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"मी," पोशा म्हणाला. "मीच लावलं."

बाहेर चहाच्या टपरीवर त्यानं चहा घेतलाच नाही. इंजिनाबद्दलही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, आयला सांगू नका. कायबी होऊ दे. इंजिन नाय दिलं तरी चालंल. पण तिच्या हातानं झालं असं तिला कळता कामा नये. ती मरंल." मी त्याला शब्द दिला. मला खरंच वाटलं होतं की मी तो पाळीन.

पुढे दीड महिना गाडी वर्कशॉपमध्ये आणि पोशाचा जीव टांगणीला. कंपनीचा माणूस येणार, आला, पुन्हा येणार. पोशा एका फार्महाउसच्या कुंपणाच्या भिंतीवर दगड वाहायला जायचा. वाडीत ज्याच्या तोंडाला येईल ते बोलत होतं. पोशानं ऑइल टाकलंच नाही. पोशा मोबाइल बघत चालवतो. पोशा दारू प्यायला होता. तो दारूला शिवत नाही हे सगळ्यांना माहीत, पण नवी गाडी घेतलेल्या माणसाबद्दल बोलायची संधी कोण सोडतो? तो कुणालाच उलट बोलला नाही. आईनं विचारलं तर म्हणायचा, "झाली चूक."

त्याच्या या "झाली चूक"नंच सगळा घात केला. सोमीनं ते खरं धरलं. एक दिवस शाळेच्या ओट्यावर ती तांदूळ निवडत होती आणि दोन बायकांना ऐकवत होती, "माजाच पोर नालायक. देवानं हातात दिलं ते सांबाळता आलं नाय. वाघोबाचा शेंदूर लावला व्हता मी, देव तरी किती राखंल?" तेच ती आठवडाभर बोलत होती. त्या दिवशी सकाळी मी पोशाला भिंतीवर दगड वाहताना पाहिलं होतं. माझं डोकं फिरलं. बायका गेल्या तशी मी तिच्यापुढे उभी राहिले.

"सोमी, पोराला नावं ठेवू नकोस. दिवा लागला होता. तो तुझ्या शेंदराखाली झाकला गेला, म्हणून त्याला दिसला नाही. तुझं नाव येऊ नये म्हणून सगळं अंगावर घेऊन बसलाय तो."

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि मला माझी लाज वाटली. पोशाची बाजू घेतली म्हणून मी स्वतःची समजूत घालू पाहिली, पण ते काही खरं नव्हतं. मला राग आला होता आणि मी तो तिच्यावर काढला.

सोमीचा हात सुपात तसाच राहिला. "त्यानं मला नाय सांगितलं," ती म्हणाली. मग उठून तिनं चूल पेटवली. त्या दिवशी खिचडीत मीठ नव्हतं. पोरं तशीच जेवली.

आणि आठवड्यानं फोन आला. इंजिन मंजूर. आतला ऑइलचा पंप मुळातच सदोष होता, तो तुटला म्हणून सगळं झालं. दिवा दिसता तरी पंप वाचला नसता. माधवीनं रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, पंपही आणि शेंदूरही, आणि कंपनीनं पंप धरला. नवं कोरं इंजिन, एक पैसा न घेता. मी धावत जाऊन सोमीला हे सांगितलं. पंप, कंपनीची चूक, तुझा काही दोष नाही, सगळं तीन वेळा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझ्या आधीच्या बोलण्यावर तिनं जेवढा विश्वास ठेवला, तेवढा यावर ठेवला नाही.

पोशा गाडी घेऊन वाडीवर आला तेव्हा पुन्हा सगळे जमले. सोमी घरातून बाहेर आली नाही. तो आत गेला. "आय, चल ना. शेंदूर लाव. या टायमाला टपावरच लाव."

"माजा हात नको तुज्या गाडीला," आतून आवाज आला.

पोशा बाहेर आला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगितलंत?" मी होकारार्थी मान हलवली. त्यानं गाडीत बसून दार लावून घेतलं. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

आता सकाळची शाळा आहे. अकराला सुटते. सोमी भांडी घासून करवंदांची पाटी डोक्यावर घेते आणि कशेळ्याला बाजारात निघते, पायी. पोशाची गाडी मागून येते, मी नेहमीसारखी पुढच्या सीटवर. तिच्या बरोबरीला आला की तो वेग कमी करतो, डावीकडची काच खाली करतो आणि तिच्या चालीनं गाडी चालवतो. "आय, बस." ती समोर बघत चालत राहते. मागचे लोक कुरकुर करतात, लोकल चुकेल म्हणतात. वळणापर्यंत तो तसाच चालवतो आणि मग त्याला पुढे जावं लागतं.

काल मला राहवलं नाही. मी त्याला थांबवलं, उतरले आणि तिच्याबरोबर चालू लागले. डांबर तापलेलं, तिच्या पायांत चप्पल नाही. म्हटलं, सोमी, चूक माझी आहे, तुला हवं ते मला बोल, पण त्याच्या गाडीत बस.

ती थांबली. पाटी एका हातानं सावरून तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे.

"तुमी खोटं थोडंच बोललात, बाई," ती म्हणाली. "जा, बसा गाडीत. पोर खोळंबलाय."

मी जाऊन बसले.