गौतमचं गाणं

पांढुर्ण्याच्या भूपेंद्रनं कॉलेजात असताना रॉक बँड काढला, तेव्हा त्याला ऐकायला सौंसर-बोरगावहून पोरं मोटरसायकलींवर यायची. मग त्याचा मित्र, ड्रम वाजवणारा गौतम, अपघातात गेला. भूपेंद्रनं त्याच्यावर गाणं केलं. शेवटी शब्द संपायचे आणि तो नुसता ओरडायचा. ऐकणारी पोरं रडायची. पुढं ती पोरं दुकानांत, नोकऱ्यांत अडकली आणि गाणं ऐकायला कोणी उरलं नाही.

मागच्या वर्षी कुणीतरी जुन्या व्हिडिओतली ती किंकाळी उचलून घसरून पडणाऱ्या माणसांच्या रीलवर लावली. बघता बघता ती जिकडंतिकडं वाजू लागली. बाजारात अनोळखी पोरं त्याला अडवून म्हणत, "भैया, एक बार चिल्लाओ ना."

बायको रजनी म्हणाली, "लोक पुन्हा ओळखून राहिले तुम्हाले. वाईट काय त्यात?"

त्यालाही तसंच वाटलं. संत्र्यांच्या मेळाव्यात गायचं बोलावणं आलं, तेव्हा गौतमच्या बहिणीला, सुचिताला, त्यानं स्वतः नेऊन पुढच्या रांगेत बसवलं.

गाणं अर्ध्यावर असतानाच लोक किंकाळी मागू लागले. तो ओरडला. सगळं मैदान खदाखदा हसलं आणि पुन्हा एकदा म्हणून मागे लागलं. सुचिता उठून गर्दीतून बाहेर निघाली. तिला जाताना भूपेंद्रनं पाहिलं, आणि तो पुन्हा ओरडला. एवढ्या टाळ्या त्याला कधीच मिळाल्या नव्हत्या.

आता बोलावणी येतात. गाणं कुणी मागत नाही, तोही म्हणत नाही.