त्या वर्षी वायपर बदलले नव्हते

ईशान आणि मीरा,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, व्हाय डोन्ट यू जस्ट सेल दॅट कार?" मी "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. पुढच्या महिन्यात मी ॲरिझोनातलं, कासा ग्रान्देचं हे घर बंद करून सिॲटलजवळ तुमच्याकडे बॉथेलला कायमची राहायला येते आहे. काय आणायचं, काय देऊन टाकायचं, सगळं ठरलं आहे. फक्त गाडीचं ठरत नाही. तुमच्या बाबाला त्याचं कारण माहीत आहे, पण तो ते कुणाला सांगणार नाही. म्हणून मीच सांगते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातलं आजोबांचं बोलणं मराठीत झालं, आणि ते मला दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. मीरा, तू मोठ्यानं वाच. ईशान अडला की बाबाला विचारा. हेच मी आपल्या मंडळाच्या अंकातल्या अनुभवांच्या पानालाही पाठवते आहे. तिथल्या कुणा वाचकाकडे याचं उत्तर असलं, तर मला ते खरोखर हवं आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी असल्या गोष्टी मानत नाही. पुण्यात आणि मग इथे मिळून अठ्ठावीस वर्षं मी शाळेची लायब्ररी सांभाळली. भुताखेतांची पुस्तकं मी कायम कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावली आणि आजही तिथेच लावेन. आजोबांचं तर विचारूच नका. घरात कुठे आवाज आला की ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठायचे.

तुमच्याकडे वायपर पावसानं झिजतात. इथे ॲरिझोनात ते न वापरताच मरतात. वर्षातले दहा महिने पाऊस नाही, आणि उन्हाळ्यात गाडीची काच इतकी तापते की हात लावला तर चटका बसतो. त्या काचेवर रबर पडून राहतं, कडक होतं, त्याच्या कडेला बारीक भेगा पडतात. वरून ही पिठासारखी धूळ. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की ती धूळ सँडपेपरचं काम करते. आजोबांचे त्यासाठी नियम होते. गाडी सावलीत लावायची. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं रबराची कड पुसायची. आधी पाणी उडवायचं, मगच वायपर. आणि नवीन वायपरचा बॉक्स गॅरेजमध्ये ठेवायचा नाही, कारण तिथल्या उकाड्यात रबर बॉक्समध्येच वाळतं. म्हणून तो बॉक्स माझ्या साड्यांच्या कपाटात असायचा, पैठणीच्या खाली.

वायपर बदलायचा त्यांचा दिवस ठरलेला होता - वटपौर्णिमा. इथला मान्सून जूनच्या मध्याला सुरू होतो आणि वटपौर्णिमा त्याच सुमाराला येते. मी सकाळी कागदावर वड काढून पूजा करायची आणि हे बाहेर माझ्या गाडीशी. काचेवर जाड टॉवेल पसरायचा, कारण वायपरच्या दांड्याला स्प्रिंग असते. ब्लेड काढल्यावर दांडा हातातून सुटला तर काच फुटते. मग आत येऊन म्हणायचे, "तू सात जन्मांचं मागून झालं का? मी तुझी एका वर्षाची सोय केली आहे." दरवर्षी हेच. मी दरवर्षी म्हणायची, "सातही जन्म हाच विनोद ऐकायचा का?"

तीन वर्षांपूर्वी वटपौर्णिमेला ते घरी नव्हते. चँडलरच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या आजाऱ्यांना ठेवतात तिथे होते, आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर. तुम्हाला तेव्हा "आजोबा बरे नाहीत" एवढंच सांगितलं होतं. लिव्हरचा कॅन्सर होता आणि औषधं थांबवली होती.

मी त्यांच्या खोलीतल्या पांढऱ्या बोर्डावर, जिथे नर्सचं नाव लिहितात त्याच्या खाली, मार्करनं वड काढला. सुताची गुंडी नेली होती. झाडाला गुंडाळायचं सूत मी त्यांच्या पलंगाच्या दांडीला गुंडाळलं.

"अगं, ती ग्लोरिया अडखळून पडेल," ते म्हणाले. ग्लोरिया म्हणजे त्यांची नर्स.

"पडू दे. तिच्या नवऱ्यासाठीपण एक फेरी मारते."

ते हसले. मग म्हणाले, "वायपर बदललेस?"

मी म्हटलं, "हो."

"टॉवेल ठेवलास काचेवर?"

"ठेवला."

"कुठला?"

"निळा. जाडा."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं.

मुलांनो, मी वायपर बदलले नव्हते. बॉक्स कपाटात तसाच होता. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मला ते येत होतं, इतकी वर्षं बघून. पण ते त्यांचं काम होतं. मी केलं असतं, तर हे आता घरी परत येणार नाहीत हे मी मान्य केलं असं झालं असतं. मला ते करायचं नव्हतं. पन्नास वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. जेव्हा बोलले तेव्हा टॉवेलच्या रंगासकट बोलले.

पुढे साधारण महिन्यानं, जुलैत, एका दुपारी चार वाजता मी कपडे बदलायला घरी आले होते. साडेचारला ग्लोरियाचा फोन आला. "तुम्ही आता निघा," ती म्हणाली. "निखिल कुठे आहे?"

निखिल म्हणजे तुमचा बाबा. तो सिॲटलच्या एअरपोर्टवर होता, रात्रीपर्यंत पोचणार नव्हता. म्हणजे त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. मला पोचायचं होतं, आणि ते जाण्याआधी खरं सांगायचं होतं. बाकी काही डोक्यात नव्हतं.

गाडी दोन दिवस दारात उन्हात उभी होती; मला मंडळातल्या मैत्रिणी ने-आण करत होत्या. काचेवर धुळीचा थर. घाईत मी पाणी उडवायच्या आधीच वायपर चालू केला. खर्रर्र असा आवाज झाला आणि काहीतरी काळं, लांबट, बाजूला उडालं. मला वाटलं, झाडाची शेंग असेल. मी वायपर बंद केला, पाणी उडवून हातानंच फडक्यानं काच पुसली आणि निघाले.

हायवेवर दहा-बारा मैल गेल्यावर उजवीकडे ती दिसली - धुळीची भिंत. तुम्ही फोटोत बघितली आहे. प्रत्यक्षात ती हलते आहे असं वाटतच नाही, आणि मग एकदम ती तुमच्यावर असते. माझ्या फोनवर सरकारी अलार्म वाजला. अशा वेळी काय करायचं हे आजोबांनी मला पाठ करायला लावलं होतं. रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, लाइट बंद करायचे, ब्रेकवरून पाय काढायचा. नाहीतर मागचा माणूस तुमचे लाल दिवे बघून रस्ता समजतो आणि येऊन आदळतो. मी तसंच केलं. सगळं तपकिरी झालं. गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. मी स्टिअरिंग धरून बसले आणि मोठ्यानं म्हणत राहिले, "अहो, थांबा जरा. आलेच मी. थांबा."

पंधरा मिनिटं गेली असतील. मग धूळ विरळ झाली आणि पाऊस आला. पण धुळीतून येणारा पाऊस म्हणजे चिखलच. काचेवर थपथप चिखल पडायला लागला आणि दोन सेकंदांत पुढचं दिसेनासं झालं. मी पाणी उडवलं, वायपर चालू केले, आणि मला कळून चुकलं की आता आपलं खोटं आपल्याला भोवणार. हे असले वायपर चिखल नुसता सारवतात.

माझ्या शेजारच्या बाजूला तसंच झालं. त्या बाजूची काच लिंपलेल्या भिंतीसारखी झाली.

माझ्या बाजूची स्वच्छ झाली.

आवाज नाही, खरखर नाही, एक रेघसुद्धा नाही. आजोबांनी नवीन ब्लेड लावल्यावर पहिल्या दिवशी जशी होते तशी. मी तेव्हा त्याचं नवल केलं नाही. दिसतंय ना, मग चला. ट्रक अजून कडेला उभे होते आणि मी त्यांच्या बाजूनं पस्तीसच्या स्पीडनं जात होते. तुम्ही असं कधी करू नका. गाडीच्या घड्याळात पाच वीस झाले होते. हॉस्पिसच्या दाराशी पोचले तेव्हा पाच पन्नास. पाऊस थांबला होता. वायपर बंद करून मी आत पळाले.

ते होते. श्वास चालू होता, मध्ये मध्ये थांबत. ग्लोरिया त्यांच्या उशाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलात. अर्धा तास झाला, तुम्हाला बाय करत होते ते. आत्ताच थांबले."

"बाय?"

तिनं करून दाखवलं. कोपर उशीवर टेकवलेलं, तळवा पुढे. हात डावीकडून उजवीकडे. परत डावीकडे. एका लयीत. "दमत नव्हते हो," ती म्हणाली. "सकाळपासून पाण्याचा पेला धरता येत नव्हता त्यांना. मी हात खाली ठेवला, तर परत वर. शेवटी मी राहू दिला."

मी तो हात हातात घेतला. एसीनं खोली थंडगार होती, आणि तळवा तापलेला होता, उन्हातून आल्यासारखा. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "अहो, मी खोटं बोलले. वायपर नाही बदलले. बॉक्स पैठणीखालीच आहे. तुम्ही येऊन बदलाल असं वाटत होतं मला."

ते काही बोलले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ऐकलं असं मी स्वतःला सांगत नाही, कारण ते मला ठाऊक नाही. सहा वाजून गेल्यावर थोड्या वेळानं पुढचा श्वास आलाच नाही.

रात्री निखिल पोचला आणि आम्ही हॉस्पिसमध्येच थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझी गाडी घेऊन कागदपत्रांच्या कामाला निघाला आणि लगेच परत आत आला. "आई, काल तू या गाडीनं आलीस? पावसात?"

"मग कशानं येणार?"

"बाहेर ये जरा."

ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरला रबर नव्हतंच. टोकापासून टोकापर्यंत नुसती धातूची पट्टी. दुसऱ्या बाजूचं रबर फाटलेलं होतं, पण होतं. आणि काच - शेजारची बाजू वाळलेल्या चिखलानं भरलेली, माझ्या बाजूला पंख्यासारखा स्वच्छ आकार.

"इथे पोचता पोचता पडलं असेल," निखिल म्हणाला. तो इंजिनीअरचाच मुलगा आहे. "शेवटच्या मिनिटाला."

दुपारी आम्ही घरी आलो. दारात, गाडी जिथे उभी असते तिथेच, काळी लांब पट्टी पडली होती. निखिलनं ती उचलून दांड्याला लावून बघितली. लांबी बरोबर जुळली. म्हणजे ते मी निघतानाच उडालं होतं. मग त्यानं काच धुतली, वाकून, बोट फिरवून इंच इंच तपासली.

"अर्धा तास धातू काचेवर घासला तर खोल चरा पडायला हवा, आई. पडायलाच हवा. पंख्यासारखा. इथे काहीच नाहीये यार..."

आईला 'यार' म्हणाला, आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. मग मी त्याला ग्लोरियानं दाखवलेला हात करून दाखवला. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. तो तिथे दारातच खाली बसला आणि रडला. मीही बसले. त्याआधी आम्ही दोघंही रडलो नव्हतो.

नंतर त्यानं कपाटातून बॉक्स आणला, काचेवर टॉवेल पसरला आणि वायपर बदलले.

मी खूप विचार केला आहे. शेवटच्या तासांत माणसं हात हलवतात, चादर चाचपतात, असं ग्लोरियानं नंतर सांगितलं, आणि मी पुस्तकांतही वाचलं. त्याबद्दल माझा वाद नाही. घाबरलेल्या माणसाला अर्धवट दिसणारी काच स्वच्छ वाटू शकते, हेही मानते. पण निखिल घाबरलेला नव्हता आणि त्यानं तो चिखल बघितला. त्यानं दोन मेकॅनिकना विचारलं. एक म्हणाला, शक्य नाही. दुसरा म्हणाला, मॅडमची आठवण चुकत असेल. माझी आठवण चुकत नाही.

आता वर्षातून एकदा मीच वायपर बदलते, जून लागला की. कार वॉशला गेलं की तिथली माणसं मागे लागतात - मॅडम, खडा लागून टवका उडालाय कोपऱ्यात, इन्शुरन्समध्ये नवीन काच बसवून देतो. मी नको म्हणते. तुम्ही विचारलंत म्हणून हे सगळं लिहिलं. मला कारण सांगता येत नाही, आणि तीन वर्षांत कुणी मला ते सांगू शकलेलं नाही.

गाडी सतरा वर्षांची आहे आणि चालते. काच तीच आहे. ड्रायव्हरच्या बाजूला तिच्यावर एकही ओरखडा नाही.

तुमची आजी