कंट्रोलचे ससे

सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली की रोगापेक्षा किस्सेच जास्त साचतात. तेव्हा डोक्याला ताप व्हायचा, आता सांगताना हसू येतं. म्हणजे, थोडंच येतं!

रेशनिंगची, म्हणजे लोकांच्या तोंडी 'कंट्रोल'ची, आठवण अजून ताजी होती तेव्हाची गोष्ट. महाडला भाड्याच्या दोन खोल्यांत आमची गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा. पावसाळा लागला की घटसर्प यायचा. म्हशीचा गळा सुजायचा आणि दिवसभरात खेळ खलास! आमचे डॉक्टर पुण्याचे, ते नवी लस करत होते. पण आधी ती सशांवर सिद्ध व्हायला हवी. सहा सशांना लस द्यायची, सहांना नाही, आणि मग बाराही जणांना रोग टोचायचा. लसवाले जगले, बिनलसवाले मेले, की लस पास. या बिनलसवाल्यांना डॉक्टर म्हणायचे 'कंट्रोल'.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतली भागाबाई तूप विकायला महाडला यायची. गेल्या पावसात तिच्या तीन म्हशी घटसर्पाने गेल्या, दोन उरल्या. दर बाजाराला ती आमच्या दारात हजर.

"झाली का रे दादा सुई?"

"अजून नाही, मावशी."

"बरं. म्हशींना सांगते, थांबा म्हणून!"

*

ससे सगळे एका वजनाचे हवेत, असा डॉक्टरांचा हट्ट. आणि मुंबईहून काटा काही येईना. चिडून टोपली उचलली आणि वाण्याच्या दुकानात गेलो. एकेक ससा पारड्यात ठेवतोय, तो उड्या मारतोय, मी घामाघूम. मागे रांग लागली. रांगेतल्या म्हातारबुवांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

"तो डावीकडला मला बांधा. पन कातडं धरून तोलू नका हां!"

*

डॉक्टरांनी एका पिंजऱ्यावर खडूने ठळक लिहिलं, 'कंट्रोल'. दुसऱ्या दिवशी दारात चार माणसं, हातात पिशव्या आणि रेशनकार्डं!

"कंट्रोलचे ससे आल्यात म्हनं. माणशी किती?"

समजावून समजावून माझा घसा बसला. शेवटी एकजण पिशवीची घडी घालत म्हणाला, "चला रे. वशिल्याशिवाय नाय मिळायचे."

*

आमचा शिपाई गंगाराम. पन्नाशीचा गडी, जनावरांवर भारी जीव. तरी कंट्रोलचे ससे वाळत चालले, आणि अजून तर कुणाला सुईसुद्धा लागली नव्हती! मी पाळत ठेवली. एका पिंजऱ्यात हिरवागार भारा, दुसऱ्यात मूठभर गवत.

"अरे, यांना का उपाशी मारतोस?"

"कंट्रोल हाय न्हवं? कंट्रोलात कुनाला कवा पोटभर मिळालंय? मलाबी वाईट वाटतं, सायेब, पन कायदा म्हंजे कायदा!"

मी कपाळावर हात मारला आणि त्यांना पुन्हा धष्टपुष्ट करण्यात महिना घालवला.

*

शेवटी डॉक्टरांनी सहांना लस दिली. तीन आठवडे थांबून आम्ही बाराही जणांना रोग टोचला. पाऊस तोंडावर आलेला. आता निकाल चुकला तर यंदा एकाही म्हशीला लस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावत गेलो. लसवाले सहा टुणटुणीत. आणि कंट्रोलचे सहा? तेही मजेत गवत खातायत! डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

गंगारामने घसा खाकरला. "त्या सहांना मी दिली लस. बाटलीत उरली व्हती. एका पंगतीला बसवायचं नि अर्ध्यांना वाढायचंच नाय, बरं दिसतं का?"

"अरे माठ्या," डॉक्टर ओरडले, "सगळा प्रयोग मातीत घातलास! आता लसीनेच जगले, हे सिद्ध कसं करायचं?"

एवढ्यात दारातून आवाज आला. भागाबाई! सगळं ऐकलं होतं तिने. यावेळी तुपाचं मडकं नव्हतं. दोन्ही म्हशी डोंगरावरून चालवत आणून तिने आमच्या फाटकाला बांधल्या होत्या.

"बारा जणांना लस दिली?"

"हो, पण मावशी..."

"बाराच्या बारा जगले?"

"जगले, पण त्याला पुरावा म्हणता येत नाही..."

"मग माज्या दोन म्हशींनी तुमचं काय घोडं मारलंय?"