सूर्यभान मास्तरांची शिट्टी

प्रत्येक सामन्याआधी सूर्यभान मास्तरांना उलटी होई. मैदानाच्या कडेच्या बाभळीमागे ते जात, तोंड धुऊन परत येत आणि गळ्यात शिट्टी अडकवत म्हणत, "चाल दत्तू, पोट रिकामं झालं. आता भेवाले बसाले जागा नाई." सारं वऱ्हाड त्यांना फुटबॉलचा पक्का रेफरी म्हणून ओळखे, पण ही भीती काही गेली नाही. सुरुवातीला मला हसू येई. पुढे ते थांबलं, कारण त्यांचा लाइन्समन, म्हणजे कडेला झेंडा घेऊन उभा राहणारा, मी होतो.

आम्ही दोघेही अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तर. ते दर्यापूरकडच्या शेतकऱ्याघरचे. गुडघा दुखावून खेळ सुटला आणि हाती शिट्टी आली. सामन्याच्या गावी ते कुणाकडे जेवत नसत, पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं. "ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्याच्या गोलाले नाई म्हनाले जीभ उचलत नाई," असं म्हणत. एका पाटलांनी आग्रहानं पुरणपोळीचं ताट पुढे केलं, तर म्हणाले, "सामना झाल्यावर द्या पाटील. तवाबी द्यावंसं वाटलं तं!"

अकोल्याचा तो अंतिम सामना आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकीकडे गावचा संघ, दुसरीकडे पोलिसांचा, आणि पोलिसांचा कप्तान त्यांचा गोरा साहेब. शेवटची पाच मिनिटं उरली तरी बरोबरी होती. तेवढ्यात साहेबाकडे चेंडू आला. गोलरक्षक सोडला तर त्याच्या पुढे कुणीच नव्हतं. माझ्यापासून चार पावलांवर, स्वच्छ ऑफसाइड. असा गोल धरत नाहीत; मी झेंडा वर करायचा होता. पण साहेबाच्या एका चिठ्ठीनं आमच्यासारख्यांची नोकरी जाई, आणि घरी माझी तान्ही पोर होती. हात उचललाच जाईना. साहेबानं गोल केला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी गोलाची शिट्टी दिली.

सामना संपला तसे लोक मैदानात घुसले. "ह्या झेंडेवाल्यानं झेंडा दाबला, धरा त्याले!" कुणीतरी ओरडलं. मला पळायचंही सुचेना. मास्तर गर्दी रेटत माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"त्याले हात लावू नका! रेफरी मी हाओ. चूक माही हाय."

एक दगड त्यांच्या भुवईवर बसला. शर्ट फाटला. शेवटी साहेबाच्याच शिपायांनी लाठ्या चालवून आम्हाला बाहेर काढलं. त्यानंतर त्यांनी कधी शिट्टी वाजवली नाही.

माझ्यापायी त्यांनी मार खाल्ला, ही गोष्ट मी कित्येक वर्षं मनात ठेवली. राजापेठेतल्या घरी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हणालो, "मास्तर, मला तो ऑफसाइड दिसला होता. मी घाबरलो. तुम्ही मला वाचवलंत."

ते आढ्याकडे पाहत म्हणाले,

"मलेबी दिसला होता, दत्तू. शिटी तोंडातच होती. साहेबाचं तोंड पाह्यलं अन् फुकाले जीव होईना. मनलं, तू झेंडा दाखोशीन तं वाजवीन. मी तुह्याकडं काहून पाहून राहिलो होतो, वाटते तुले?"

त्यांनी माझा हात धरला.

"तुले वाचवाले नाई आलतो मी लोकाईत. खरं तेच सांगतलं होतं."