कोपर दिसायला हवं
अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल, माफ करा; मी चौथीपर्यंतच शिकले. आज वाडीच्या विहिरीत ब्लीचिंगची पावडर टाकली, हंड्यातल्या पाण्याला तो वास आला आणि रत्नागिरीतला पोहण्याचा तलाव आठवला. माझी मुलगी तिथे फ्रीस्टाईलचा सराव करायची, आपलं पोहणं फोनवर काढून स्वतःच चुका शोधायची. फोन त्यासाठीच हप्त्याने घेतला होता. रोज ती तो काठावर बाटलीला टेकवून ठेवी, पण एके दिवशी वाऱ्याने सारखा पडू लागला, म्हणून माझ्या हातात दिला. चार माणसांत तो धरून उभं राहायची मला लाज वाटत होती. ती पोहत आली. श्वास घ्यायला तिचं तोंड पाण्याबाहेर यायचं, ओठ वाकडे, डोळे मिचमिचे, आणि मी तेवढंच काढत राहिले. बाहेर येऊन तिने बघितलं आणि हसायलाच लागली. "अगो आई, तोंड काय काढलंस? माझं कोपर खाली पडतं, ते दिसायला हवं." मी म्हटलं, "असू दे गो, छान आलंय." "तोंड घरी रोज बघतेसच की," म्हणाली आणि पुसून टाकलं. मग मी नीट कोपर काढलं. त्याच वर्षी पावसाळ्यात ती तापाने गेली. फोनमधल्या सगळ्या व्हिडिओंत कोपर अगदी स्पष्ट आहे, तोंड पाण्यात. काल शेवटचा हप्ता भरला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "झालं वहिनी, आता फोन पूर्ण तुमचा."