खाडीकाठची हाक

रेवसच्या धक्क्याजवळ ओहोटीच्या चिखलाचा वास आला की आजही मला ती सकाळ आठवते.

तेव्हा मी सातवीत होते. बोलताना अडखळायचे, म्हणून शाळेत आणि घरातही गप्पच असायचे. आपल्याला बोलणं जमणार नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्या सकाळी माझी काकी आणि शेजारच्या दोघी ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीतल्या खडकांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडत होत्या. मी काठावर बसले होते.

एकाएकी वारा पडला. बगळे उडून गेले. पाहते तर काकी आणि त्या दोघींच्या पाठीमागे, खडक आणि काठ यांच्यामधल्या खोलगट जागेत, भरतीचं गढूळ पाणी आवाज न करता चढत होतं. तिघींच्या माना खाली होत्या.

मी तोंड उघडलं. शब्द नेहमीसारखा अडकला. पाणी वाढतच होतं. शेवटी मी तो तुटका शब्द तसाच, जिवाच्या आकांताने ओरडले, "का... का... काकी! पा... पा... पानी!"

काकीने मागे पाहिलं. "अगो, पानी भरला! उठा, उठा!"

एकमेकींचे हात घट्ट धरून त्या छातीभर पाण्यातून काठाला लागल्या. काकीने ओला पदर पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं. "एवढा आवाज हाय तुला?"

मी आजही अडखळते. पण तुटका शब्दही पोचतो, हे कळल्यापासून गप्प बसलेली नाही.

त्या सकाळी काठावरून आम्ही वळून पाहिलं, तेव्हा खडक दिसतच नव्हते.