वसतिगृहाच्या पंपाचं भाकीत

एस.टी.तून उतरलेला माणूस आधी आपली पिशवी बघतो. हे गृहस्थ आधी गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकायचे आणि मधल्या लोखंडाला हाताची मागची बाजू लावून बघायचे. सांगलीच्या स्टँडवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच वाकलेलं. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "काय पाव्हणं, गाडी इकत घ्यायचीया का?"

"घेतली आसती, पर डावं चाक लय तापलंय. परत निघायच्या आधी डेपोत दाखवा."

तळहाताला हत्यारं धरून घट्टे पडलेले असतात, त्याला ऊन-गार नीट समजत नाही. मागची कातडी मात्र खरं सांगते, असं त्यांचं म्हणणं. मी घरी जाऊन चहाच्या किटलीवर हे पडताळून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.

ते मूळचे माणचे, दहिवडीच्या बाजूचे. वडिलांची मेंढरं. स्वतः शिकून इंजिनियर झाले, काही वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि मग साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे प्रमुख झाले. सत्तरच्या दशकात आमच्या सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते दर शनिवारी शिकवायला येत. मी तिथे गणित शिकवायचो. त्यांचा विषय ऐच्छिक होता: यंत्रांतले दोष ओळखणं आणि यंत्र आणखी किती चालेल याचा अंदाज बांधणं. पोरांनी त्या तासाचं नाव 'कुडमुडे जोशी' ठेवलं होतं. त्यांच्या ते कानावर गेलं तेव्हा एवढंच म्हणाले, जोशाला दक्षिणा तरी रोख मिळते.

नुसता बिघाड सांगितलेला त्यांना चालत नसे. पोरगं म्हणे, "सर, बेअरिंग खराब आहे." की यांचा प्रश्न ठरलेला: "त्ये कळलं. किती दिस चालंल?" हा प्रश्न ते सगळ्यांना लावत. माझ्या छत्रीला लावला, स्टाफरूमच्या पंख्याला लावला. एकदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा स्टोव्हचा आवाज ऐकून, याचा वायसर दिवाळी बघणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. आमची मंडळी म्हणाली, "भाऊजी, स्टोव्हचं राहू द्या, ह्यांच्या गुडघ्याचं सांगा."

"वहिनी, त्या माडेलचं पार्ट येत न्हाईत आता."

वायसर दसऱ्यालाच गेला.

आमच्या प्राचार्यांना मात्र हा विषय पटत नव्हता. निदान वैद्याचं, भविष्य जोशाचं, यात इंजिनियरिंग कुठे आलं, असं ते उघड म्हणत. एका शनिवारी त्यांनी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत विषय काढला. पुढच्या वर्षी हा तास ठेवायचा की नाही हे ठरवायचं होतं. "वसतिगृहाचा पंप बघा," ते म्हणाले, "आणि तो कधी बंद पडेल ते सांगा. खरं ठरलं तर विषय राहील."

तसेच उठून आम्ही पंपावर गेलो. या गृहस्थांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. प्राचार्य घड्याळ बघत उभे.

"परीक्षेपातुर जायाचा न्हाई," ते म्हणाले. "सायेब, आत्ताच बेअरिंग बदला."

"आता बदललं तर तुमचं खरं की खोटं हे कळणार कसं?"

वाचकहो, तुम्हीच विचार करून बघा. वेळीच बांध घातला आणि पाणी आलं नाही, तर ते बांधामुळे आलं नाही की येणारच नव्हतं? या विद्येचं सगळं दुखणं इथेच आहे.

शेवटी असं ठरलं, की नवं बेअरिंग आणून ठेवायचं, पण पंप बंद पडेपर्यंत बसवायचं नाही. तोवर पंपाचं रोजचं सगळं जसं चालतं तसंच चालेल. त्यांना हे आवडलं नव्हतं, पण विषय जाऊ द्यायलाही मन होत नव्हतं. ती पंधरा-वीस पोरं, एवढाच त्यांचा शनिवार होता. कारखान्यात लोक त्यांना यंत्र मोडल्यावर बोलावत. मोडायच्या आधीचं ऐकून घेणारी माणसं त्यांना फक्त सांगलीत भेटत.

बेअरिंगच्या घराला, खिडकीच्या काचा बसवतात त्या लांबीने, थर्मामीटर चिकटवला. पोरांनी रोज तापमान टिपायचं आणि ग्रीसच्या कपाची टोपी अर्धा आटा फिरवायची, म्हणजे आतलं ग्रीस थोडं बेअरिंगकडे सरकतं. आकडे माझ्याकडे येत, मी ते आलेखावर मांडायचो. रेघ सुरुवातीला हळूहळू चढत होती. मग एका आठवड्यात ती एकदम उभी झाली. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. शनिवारी ते आल्याबरोबर मी आलेख त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, तुमचं खरं ठरतंय.

त्यांनी बराच वेळ तो पाहिला. "मास्तर, लय घाईनं खरं ठरतंय."

आम्ही पंपावर गेलो. या वेळी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. ग्रीसच्या कपाची टोपी फिरवून काढली आणि माझ्यापुढे धरली. कप आतून कोरडा होता, फडक्यानं पुसून काढल्यासारखा.

तासाला त्यांनी ती टोपी टेबलावर ठेवली. "ह्याला उपाशी कुणी ठिवलं?"

मागच्या बाकावरचा कोरेगावचा एक उंच मुलगा उभा राहिला. "सर, आम्ही सगळ्यांनी मिळून. परीक्षेआधी बंद पडला नसता तर तुमचा विषय गेला असता."

मला वाटलं आता हे कडाडणार. पण ते खुर्चीवर बसले. एरवी ते तासाला कधी बसत नसत.

"आरं गड्या," ते हळू म्हणाले, "आजारी माणूस म्या सांगितल्या दिशी मरावा म्हणून त्याचं जेवाण तोडलं, तर मला वैद्य म्हंतील का रं?"

मुलगा अजून उभाच होता.

"बस. तुमी माझ्यासाठी केलंसा, त्ये कळतंय मला. पर पंपाला त्ये कसं कळावं?"

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, की आता ग्रीस भरू, गप्प बसू. आधीची रेघही चढतीच होती, भाकीत अजून खरं ठरू शकेल. त्यांनी मलाच उलट विचारलं, की आता पंप पडला तर तो झिजेनं पडला की उपाशी राहून, हे मला माझ्या आकड्यांतून सांगता येईल का. मी विचार केला. येणार नव्हतं. दोन कारणं एकाच रेघेत मिसळली, की ती रेघ कुठल्याच बाजूची साक्ष देत नाही. मी तसं सांगितलं.

"मग संपलं की," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी पंप थांबवला आणि त्याच पोरांकडून नवं बेअरिंग बसवून घेतलं. मग जुनं फडक्यात गुंडाळून प्राचार्यांच्या खोलीत गेले. मी बरोबर होतो.

"काय, पडला का?" प्राचार्यांनी विचारलं.

ते म्हणाले, की पडला नाही, आपण बेअरिंग बदललं. मध्ये ग्रीस नीट पडलेलं नाही, देखभाल आपल्या वर्गाकडे होती, तेव्हा जबाबदारी आपली आणि भाकीत रद्द. पोरांचं नाव त्यांनी घेतलं नाही. प्राचार्यांनी बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं. ते खरखरत होतं.

"मग ह्यावरून काय समजायचं?"

"कायबी न्हाई, सायेब."

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं तेव्हा शनिवारचा तास जागेवर होता. मी प्राचार्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, "अहो, तो माणूस तोंडावर म्हणाला, कायबी न्हाई. असं म्हणणारा मास्तर मला ह्या कॉलेजात आजवर भेटला नव्हता. तुम्हालाही धरून." हे मला लागायला हवं होतं, पण हसू आलं.

त्यानंतर ते आणखी काही वर्षं आले. मग नोकरी सोडून ते माणला गावी गेले. वडील थकले होते आणि मेंढरांकडे बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं. जाताना मला म्हणाले, मेंढरू बरं, दुखलं तर वरडतं तरी. विषय कुणाकडे द्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केलं.

पहिल्या शनिवारी मी वर्गावर गेलो. पोरं नवी होती, पण पंपाची गोष्ट त्यांना जुन्या पोरांकडून कळलेली होती. मी फळ्यावर काही लिहायच्या आत एकानं विचारलं, "सर, आधीच्या सरांनी सांगितलेलं खरं होतं का? पंप परीक्षेआधी पडला असता?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

पोरांचे चेहरे पडले. त्यांना उत्तर हवं होतं. मला खात्रीनं सांगता येईल असं एकच होतं, ते मी सांगितलं. त्या वर्षी परीक्षेच्या एकाही सकाळी वसतिगृहाचे नळ कोरडे नव्हते. पोरं आंघोळी करून, वेळेवर, ओल्या केसांनी पेपरला आली होती.